हौस, सांभाळ आणि देणं : पर्शियन मांजराचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, व्याख्यानमालेत मांजर कुठून शिरलं? पण माणसाने निसर्गाचं काय केलं, हा प्रश्न आपण धरणांच्या नि जंगलांच्या संदर्भात नेहमी विचारतो. तोच प्रश्न घरात गादीवर झोपलेल्या लांब केसांच्या मांजराबद्दलही विचारता येतो. तिथे उत्तर सरकारवर ढकलता येत नाही, एवढाच फरक.

नावापासून सुरुवात करू. पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा उमराव १६१४ साली प्रवासाला निघाला. तुर्कस्तान, बगदाद, इराण असं फिरत १६२३ मध्ये तो सुरतेला उतरला, पुढे चौल आणि गोव्यालाही आला. इराणातून पाठवलेल्या पत्रांत त्याने खोरासान प्रांतातल्या मांजरांचं वर्णन केलं आहे : राखाडी रंग, रेशमासारखे मऊ लांब केस, आणि खारीसारखी झुपकेदार शेपूट. ही मांजरं रोमला न्यायचा त्याचा बेत होता. त्याच काळात फ्रान्समध्ये पेरेस्क नावाचे विद्वान अंकाऱ्याकडची लांब केसांची मांजरं पाळत आणि स्नेह्यांना भेट देत. अंकाऱ्याचं जुनं नाव अंगोरा, म्हणून ती अंगोरा मांजरं. पुढे युरोपात या दोन्ही नावांची आणि मांजरांचीही सरमिसळ होत गेली.

खरं वळण आलं ते लंडनमध्ये. १३ जुलै १८७१ रोजी क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. वेअर यांचा हेतू चांगला होता. घरोघरी उंदीर मारणाऱ्या या दुर्लक्षित प्राण्याकडे लोकांनी प्रेमाने बघावं, असं त्यांना वाटे. पण प्रदर्शन म्हटलं की बक्षीस आलं, बक्षीस म्हटलं की परीक्षक आला, आणि परीक्षकाला निकष लागतात. केस किती लांब, डोकं किती गोल, नाक किती आखूड, हे ठरू लागलं. एकदा निकष लिहिला गेला की पैदास त्याच्या मागे धावते. १८८७ साली नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला, वेअर त्याचे पहिले अध्यक्ष होते. पुढे त्यांनीच क्लब सोडला. सभासदांचं लक्ष मांजरांच्या भल्यापेक्षा पदकांवर जास्त आहे, ही त्यांची तक्रार होती.

आता विज्ञान काय म्हणतं ते पाहू. लांब केसांचा गुण अप्रकट असतो. आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो पिल्लात दिसतो. म्हणजे माणसाने जोड्या जमवल्याशिवाय तो पिढ्यान्‌पिढ्या पक्का होणं अवघड. २००८ साली मांजरांच्या जातींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आजची पर्शियन मांजरं पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांच्या जवळची निघाली. नाव इराणचं, घडण युरोपातल्या पैदासकारांची!

चेहऱ्याचंही तसंच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांत पर्शियन मांजराला चांगलं नाक दिसतं. चपटा चेहरा हे विसाव्या शतकाचं काम. नाक आत दाबलं गेल्यावर अश्रूंची वाट वाकडी होते, डोळे सतत पाझरतात, श्वास घुरघुरतो, जबड्यात दातांना जागा पुरत नाही. त्यातच मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार या जातीत पसरला. त्याला कारण असलेला जनुकीय बदल २००४ मध्ये सापडला, आणि आता त्याची चाचणी करता येते.

म्हणून या मांजराचा सांभाळ रोजचा असतो. साधं मांजर जिभेने स्वतःला विंचरतं, पण हा केसांचा भार त्या जिभेला झेपत नाही. काखेत, पोटाखाली, कानामागे गुंते होतात आणि पाहता पाहता त्यांच्या जटा होतात. त्या कातडी ओढतात. कात्रीने कापायला जावं तर पातळ कातडीच कापली जाते, नि आधी अंघोळ घातली तर गुंता आणखी आवळतो. रुंद दातांचा कंगवा, रोज दहा-पंधरा मिनिटं, हाच उपाय. डोळ्यांच्या कडा ओल्या मऊ कापडाने रोज पुसायच्या. आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात थंड खोली हवीच, कारण मांजर धापा टाकून अंग निववतं ते फार तापल्यावरच, आणि चपट्या नाकाने तेही धड जमत नाही.

इथे थोडं तत्त्वज्ञान. प्राण्याला विचार करता येतो का यापेक्षा त्याला यातना होतात का, हे पाहा, असं बेंथम यांनी १७८९ मध्ये मांडलं. दुसऱ्याची यातना दिसली की आपण दया करतो. पण जी यातना आपल्याच आवडीतून घडली, तिथे दया हा शब्द थिटा पडतो. तिथे 'देणं' हा शब्द हवा. पर्शियन मांजराला आपण रोज विंचरतो ते त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. दीडशे वर्षांच्या हौसेचा तो हप्ता आहे.

आता हप्ता भरत राहायचा की कर्ज वाढवायचं, हे पिल्लू घेताना ठरतं. आई-बापांच्या मूत्रपिंडाच्या चाचणीचा कागद मागावा. नाक मोकळं आहे का, श्वासाचा आवाज होतो का, हे शांतपणे बघावं. जितकं चपटं तितकं महाग, हा बाजाराचा भाव आपण नाकारला तर पैदासही बदलेल. आणि हौस फिटल्यावर लोकांनी सोडून दिलेली मोठी पर्शियन मांजरं आपल्या शहरांतल्या निवाऱ्यांत येतात. त्यांतलं एखादं घरी आणलं, तर नव्या पैदाशीला पैसे न देता जुनं देणं फिटेल.