नावं दोन, फाईल एकच

युनिक्समध्ये फाईल पुसणाऱ्या सिस्टिम कॉलचं नाव 'डिलीट' नाही, 'अनलिंक' आहे. थेट १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलपासून. मला ते फार नेमकं वाटतं. थॉम्प्सन-रिचींच्या लेखी फाईल म्हणजे आयनोडचा क्रमांक, नाव ही वरची चिठ्ठी. हार्ड लिंक म्हणजे आणखी एक चिठ्ठी. (नवख्यांनो, हा बॅकअप नव्हे! एका नावाने फाईल उघडून मजकूर खोडलात की दुसऱ्या नावाखालीही तो गेलाच.)

पण हे क्रमांक एका फाईलसिस्टिमपुरतेच. दुसऱ्या डिस्कवरचं काय? १९८३ साली बर्कलेच्या ४.२ बीएसडीत सिम्बॉलिक लिंक आली. तिच्यात नुसता पत्ता. मूळ फाईल हलली की ही आंधळी. हिला पुसलं तर मूळ सुखरूप.

पुसण्याआधी 'एलएस -एल'मधल्या दुसऱ्या रकान्यातला आकडा मी बघतोच. फाईलला किती नावं आहेत, ते तिथे कळतं.