शिंकायली का फोडायली?

वसमतजवळच्या आमच्या मामांकडे १९७८ ची बुलेट आहे. साडेतीनशे सीसी, लोखंडी ब्लॉक, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. आजोबांनी घेतलेली. गेल्या पावसाळ्यापासून ती फटाके फोडायला लागली. उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फाट्... फाट्! सत्तरीच्या मामांना चौकात दोनदा थांबवून विचारलं गेलं, "सायलेन्सर मॉडिफाय केलाय का?" मामा आणि मॉडिफाइड सायलेन्सर! :) त्यांनी मात्र ते मनाला लावून घेतलं आणि जाहीर केलं, की दिवाळी झाली की गाडी भंगारात.

म्हणून एक शनिवार-रविवार तिकडे काढला. पण त्या फटाक्यांचं मूळ शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं.

साठच्या दशकात अमेरिकन पोरांकडे मस्टँग आणि जीटीओसारख्या दांडग्या इंजिनाच्या गाड्या होत्या. त्यांची जी शान, ती आमच्याकडे बुलेटची. मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. पन्नाशीच्या सुरुवातीला आपल्या लष्करानं ८०० गाड्यांची मागणी नोंदवली, १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. आधी सुटे भाग तिकडून यायचे, मग सगळंच इथं बनू लागलं. १९७१ पर्यंत इंग्लंडातली कंपनी संपलीसुद्धा, मद्रासची चालूच राहिली. तीही जवळजवळ तेच इंजिन घेऊन, पुढची कित्येक दशकं!

आता एवढी महाग गाडी आमच्या खेड्यात आली कशी? पाण्यामुळे. पूर्णा नदीवरची येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं साठच्या दशकात झाली, कालवे वसमत भागात आले. (हिंगोली जिल्हा तेव्हा नव्हता, तो १ मे १९९९ चा. तोवर सगळं परभणीच.) पाण्यामागून ऊस आला, वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना झाला. उसाच्या बिलावर कुणी लेकीचं लग्न केलं, कुणी विहीर बांधली. आजोबांनी फटफटी घेतली. आजी याबद्दल शेवटपर्यंत बोलत होती म्हणे. असो.

मी आपला सॉफ्टवेअरवाला. जाण्याआधीच वाचून थिअरी तयार ठेवली होती, की दोष नव्या पेट्रोलचा. महाराष्ट्रात ५ टक्के इथेनॉल मिसळायला २००३ मध्ये सुरुवात झाली, २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर गेली, २०२५ मध्ये २० च्या घरात. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिसळ असेल तर हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर सेन्सर असतो, तो बघून इंधन कमीजास्त होतं. जुन्या कार्बोरेटरला हे कोण सांगणार? तो आजोबांच्या काळातलंच प्रमाण धरून बसलाय. म्हणजे मिश्रण आठेक टक्क्यांनी उपाशी. उपाशी मिश्रण थ्रॉटल बंद असताना नीट पेटत नाही, न जळलेला वायू तापलेल्या पाइपात जातो आणि तिथं भडकतो.

हे सगळं मी मिस्त्रींना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाचेबुवा, ते राहू द्या. गाडी शिंकायली का फोडायली?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. कार्बोरेटरच्या तोंडातून फुस्कन उलटं आलं तर ती शिंक. तिथं टायमिंग बघायचं, वॉल्व्ह बघायचा. मागून वाजलं तर फोडणं. ते आणि हे एकच समजणारा फुकट इंजिन खोलून बसतो. मी दोन्हीला बॅकफायर म्हणून मोकळा झालो होतो.

तरी त्यांनी टायमिंग तपासलंच. चावी चालू करून किक हातानं हळूहळू दाबली. अँपिअर मीटरचा काटा उणेकडून मध्यावर आला की समजायचं, पॉइंट उघडला. त्याच वेळी प्लगच्या भोकात सायकलची तार. पिस्टन माथ्याच्या जेमतेम मिलिमीटरभर आधी हवा. तो होता. पॉइंटमधला गॅपही बरोबर.

मग गाडी चालू करून त्यांनी ओल्या चिंधीनं सायलेन्सरचं तोंड दाबलं. बेंड पाइप आणि सायलेन्सरच्या सांध्यातून फुस्स! सांध्याभोवती काजळीही होती, मला आधी दिसली नव्हती. थ्रॉटल सोडला की तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती, आणि पाइपातल्या वायूला भडकायला तीच पुरत होती. सांधा घासून पुन्हा बसवला, क्लॅम्प आवळला. खर्च जवळजवळ शून्य.

चक्कर मारून आलो. फटाके थांबले होते... बरेचसे. लांब उतारावर एखादा अजून वाजत होता. "आता तुमचं गणित बघू," मिस्त्री म्हणाले. पायलट जेट एक नंबर मोठा घातला, एअर स्क्रू अर्धा आटा फिरवला. दुसऱ्या चक्करला फक्त टुक्-टुक्-टुक्. माझी थिअरी खरी होती, पण चार आण्यांची. बारा आणे त्या सांध्याचे.

मामा ओट्यावरून आवाज ऐकत होते. भंगाराचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. ऊस याही वर्षी कारखान्यालाच जाणार आहे, आणि त्यातलं काही परत टाकीत यायचंच. मिस्त्रींनी दोन महिन्यांनी प्लग काढून दाखवायला सांगितलंय. टोक पांढरं दिसलं तर जेट आणखी एक नंबर मोठा.