गारगोटीची धूळ आणि देहाचे पहारेकरी

खाणींतील धूळ मनुष्याचा प्राण घेते, हें ज्ञान जुनें आहे. ती कशी घेते, हें मात्र फार उशिरां उमगलें. १५५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरील ग्रंथांत जर्मन पंडित अ‍ॅग्रिकोला यानें नमूद केलें आहे कीं, कार्पेथियन पर्वतांतील खाणींच्या मुलखांत सात सात नवरे केलेल्या स्त्रिया आढळतात. पुरुषांच्या फुप्फुसांना धुळीनें व्रण पडत व ते अकालीं मरत.

कारणाचा धागा गवसला तो अगदीं निराळ्या ठिकाणीं. १८८२ सालीं सिसिली बेटांतील मेसिना येथें रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यानें तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या देहांत गुलाबाचे कांटे टोंचले. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों प्रत्येक कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परकी वस्तु गिळणाऱ्या या भक्षक पेशी मनुष्याच्या फुप्फुसांतहि पहारा करीत असतात. या संशोधनाबद्दल त्याला १९०८ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला.

गिळलेला जंतु पेशी पचवूं शकते. गारगोटीचा, म्हणजे सिलिकेचा, स्फटिक तिला पचत नाहीं. १९६६ सालीं अ‍ॅलिसन व त्याचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, तो कण पेशींतील पाचकरसाच्या पिशव्या फोडतो, रस आंत सांडतो व पेशी मरते. मोकळा झालेला कण मग दुसरी पेशी गिळते. पिशवी फुटतांच पेशींत धोक्याची घंटा वाजते व दाह पेटविणारें द्रव्य बाहेर पडतें, हें २००८ सालीं उलगडलें. वर्षानुवर्षें चाललेल्या या दाहानें फुप्फुस वणांनीं कठीण होतें.

आतां प्रयोगशाळेंत मिलिमीटरच्या दहा लक्षांशांत मोजावे लागणारे सिलिकेचे नॅनोकण तयार होतात. ते बहुधा स्फटिकरूप नसतात, म्हणून खाणींतील धुळीइतके घातक ठरत नाहींत. तरी मानवी पेशींवरील प्रयोगांत मात्रा वाढली कीं तेहि तीच घंटा वाजवितात. कणाचा आकार व पृष्ठभाग यांवर पुष्कळ अवलंबून असतें.

अ‍ॅग्रिकोलाच्या काळीं रोगाचें मर्म ठाऊक नव्हतें. १९३० सालीं अमेरिकेंत वेस्ट व्हर्जिनियांतील हॉक्स नेस्ट येथें बोगदा खणूं लागले, तेव्हां पाणी मारून धूळ बसवावी, हें ठाऊक होतें. तरी खडक कोरडाच फोडला गेला आणि शेंकडों मजूर, त्यांतील बहुतेक कृष्णवर्णी, प्राणांस मुकले. पहारेकरी पेशी आपलें काम चोख करीत होत्या. चुकले तें मनुष्याचें काम.