राष्ट्र निवडावें कीं नायक?

इतिहास हा थोर पुरुषांच्या चरित्रांचा समुच्चय होय, कीं लोकसमूहांच्या दीर्घ उद्योगाचें फळ होय, हा वाद जुना आहे. कार्लाइलनें १८४१ सालीं पहिल्या पक्षाची ध्वजा उभारली. आमच्याकडे न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत मराठ्यांच्या सत्तेचा उदय हें केवळ एका साहसी पुरुषाचें यश नसून भाषा, धर्म व वाङ्मय यांनीं बांधलेल्या समाजाचें उत्थान होतें, असें प्रतिपादन केलें. हा वाद विद्वानांच्या बैठकींतून उठून मुलांच्या खेळांत येऊन बसेल, अशी कल्पना या उभयतांच्या स्वप्नींही आली नसेल. परंतु तसें घडलें आहे खरें. आणि ज्या घरांत इतिहासाचें प्रेम आहे त्या घरांतील वडील माणसांनीं तिकडे लक्ष पुरवावें असें आम्हांस वाटतें.

आम्ही म्हणतों तो खेळ ‘सिव्हिलायझेशन’ या नांवाचा. सिड मायर व ब्रूस शेली यांनीं रचलेला हा संगणकावरील खेळ १९९१ सालीं अमेरिकेंत निघाला, आणि त्याचा सातवा अवतार २०२५ च्या फेब्रुवारींत प्रकट झाला. बुद्धिबळाप्रमाणेंच हा पाळीपाळीनें खेळावयाचा. मूळ खेळाचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००० मध्यें होतो. खेळाडूच्या हातीं एक लहानशी टोळी असते. तिनें नगर वसवावें, शेती करावी, लेखनकला साधावी, शेजाऱ्याशीं सख्य किंवा वैर करावें, आणि शेवटीं नभोयान दूरच्या ताऱ्याकडे धाडावें, असा हा सहा हजार वर्षांचा पट आहे. मात्र पहिलें पाऊल टाकण्यापूर्वीं एक प्रश्न सोडवावा लागतो : तुम्ही कोण? रोमन कीं चिनी, झुलू कीं हिंदी?

पहिल्या खेळांत चौदा राष्ट्रें होतीं आणि प्रत्येकास एकच नायक होता. बाबिलोनचा हम्मुराबी, मिसरचा रामसेस, झुलूंचा शाका, रशियाचा स्टालिन आणि हिंदुस्थानचे महात्मा गांधी. त्या वेळीं खेळाडूच्या दृष्टीनें नांव व रंग यांपलीकडे राष्ट्रांत फारसा भेद नव्हता. २००१ च्या तिसऱ्या अवतारापासून प्रत्येक राष्ट्रास स्वतःचे विशेष गुण व विशेष सैन्य मिळालें. २००५ च्या चौथ्या अवतारांत गुण नायकाकडेही गेले आणि कित्येक राष्ट्रांस एकाहून अधिक नायक लाभले. हिंदुस्थानास गांधींच्या जोडीस अशोक मिळाला. येथून निवड ही हौसेची बाब न राहतां नीतीची बाब झाली.

एकटा मनुष्य यंत्राशीं खेळत असेल तर त्यानें वाटेल तें राष्ट्र घ्यावें. परंतु सहा किंवा आठ मनुष्यें एकमेकांविरुद्ध बसलीं म्हणजे अडचण उत्पन्न होते. सर्व राष्ट्रें समबल नसतात. सहाव्या अवतारांतील सुमेरचा गिल्गामेश आरंभींच युद्धरथ उभे करूं शकतो. शेजारीं नुकतें एक नगर वसविणारा जो असेल त्याची धडगत नसते. उलट कोरियाचें बळ विद्येंत आहे. तें उशिरां फळतें, पण फळलें म्हणजे त्याला गांठणें कठीण. नौकांच्या बळावर वाढणारें राष्ट्र भूमिबद्ध प्रदेशांत पडलें तर त्याचे गुण वायां जातात. म्हणून अनुभवी मंडळींनीं निवडीच्या निरनिराळ्या तऱ्हा काढल्या आहेत. कोणी चिठ्ठ्या टाकून दैवावर हवाला ठेवतात. कोणी प्रत्येकापुढें दैवानें आलेलीं तीनचार नांवें ठेवून त्यांतून एक उचलावयास सांगतात. कोणी आरंभींच अतिबलवान् नायकांवर सर्वांच्या मतें बंदी घालतात आणि मग पाळीनें निवडतात. पहिल्या फेरींत जो शेवटीं होता तो दुसऱ्या फेरींत पहिला येतो. वांटणी करणारानें आपला वांटा शेवटीं उचलावा, या आमच्या घरगुती न्यायाशीं हें तत्त्व मिळतेंजुळतें आहे.

या निवडींत एक मर्म आहे, तें वाचकांच्या लक्षांत आणून देणें अवश्य वाटतें. नायक निवडला कीं खेळाडूची कीर्ति त्याच्या कृतीच्या आधीं धांवूं लागते. ज्यानें चंगीझखान घेतला त्याच्यावर शेजारी पहिल्या पाळीपासून संशय धरितात. तो शेती करीत बसला तरी त्याच्या सीमेवर पहारे बसतात. हा संशयच पुढें त्यास लढावयास लावतो, आणि मग सर्वजण म्हणतात, आम्ही म्हटलेंच होतें! राष्ट्राराष्ट्रांतील वैराचा एवढा स्वच्छ धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकांत मिळणें कठीण.

परंतु गुणाबरोबर दोषही सांगितला पाहिजे. एका राष्ट्रास एक गुण चिकटविला म्हणजे त्याच्या हजारों वर्षांच्या आयुष्याचें एक सोंग होतें. ज्यांनीं राज्यपद कधींच भोगलें नाहीं ते गांधी पंचवीस वर्षें या खेळांत हिंदुस्थानचे राज्यकर्ते म्हणून मिरवले. त्यांच्या नांवावर एक दंतकथाही रूढ झाली कीं, पहिल्या खेळांतील गणिताच्या चुकीनें ते अकस्मात् क्रूर होऊन अण्वस्त्रें टाकीत. मायर यांनीं २०२० सालच्या आपल्या आठवणींत अशी चूक नव्हतीच असा खुलासा केला. पांचव्या अवतारांत मात्र ही प्रवृत्ति विनोदानें बुद्ध्याच घातली गेली होती. दंतकथा आधीं आणि तिचा पुरावा मागाहून, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं!

याहून गंभीर प्रसंग २०१८ सालचा. कॅनडांतील क्री लोकांचा पुढारी पाउंडमेकर यास नायकांत स्थान मिळालें. हा पुरुष शांततेसाठीं झटला. १८८५ च्या उठावानंतर राजद्रोहाच्या आरोपावरून कारागृहांत गेला आणि पुढच्याच वर्षीं वारला. त्यास निर्दोष ठरविण्यास कॅनडाच्या सरकारास २०१९ साल उजाडावें लागलें. खेळांत त्यास मैत्री व व्यापार हेच गुण दिले होते. तरीही त्याच्या वंशबांधवांच्या एका प्रमुखानें आक्षेप घेतला कीं, भूमि जिंकून वाढणें हेंच ज्या खेळाचें ध्येय, त्यांत आमच्या पूर्वजास बसविणें म्हणजे त्याच्या मुखीं जेत्यांचे विचार घालणें होय. आम्हांस हा आक्षेप यथार्थ वाटतो. सन्मानानें दिलेलें आसन देखील परक्याच्या घराचें असूं शकतें.

सातव्या अवतारांत कर्त्यांनीं राष्ट्र व नायक यांची गांठच सोडविली. तो निघाला तेव्हां त्यांत तीन युगें होतीं आणि युग पालटतांना राष्ट्र बदलत असे, नायक मात्र तोच राहत असे. अशोकानें मौर्यांपासून आरंभ करून पुढें चोल व मग मोगल व्हावें, अशी सोय आहे. कन्फ्यूशियस, मॅकियाव्हेली, इब्न बतूता असे सिंहासनावर न बसलेले पुरुषही नायक झाले. आणि झांशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचें नांवही जाहीर झालें. काशीच्या मराठी घरांत जन्मलेली, ब्रह्मावर्तास पेशव्यांच्या आश्रयांत वाढलेली आणि १८५८ सालीं ग्वाल्हेरीस धारातीर्थीं पडलेली ही स्त्री भलत्याच राष्ट्राच्या अग्रभागीं दिसली तर मराठी वाचकास चमत्कारिक वाटेल. तिचें शौर्य कोठेंही नेतां येईल. परंतु ज्या संस्थानासाठीं तें प्रकट झालें तें काढून घेतलें तर उरतें काय? उलट मगध आणि कावेरीचा तीर यांस एकाच माळेंत ओंवणें हेंही इतिहासाला सोडूनच आहे. यावरून रानड्यांचें म्हणणें अधिकच पटतें : नायक भूमीपासून तोडतां येत नाहीं आणि भूमि एकट्या नायकाची होत नाहीं.

मग हा खेळ मुलांच्या हातीं द्यावा कीं नाहीं? अवश्य द्यावा; मात्र डाव संपल्यावर दोन शब्द बोलावे. हें राष्ट्र कां घेतलेंस, तें खरोखर असें होतें काय, एवढें विचारलें तरी ग्रंथांकडे वाट वळते. जन्मतः कोणासही राष्ट्र निवडतां येत नाहीं. खेळांत मात्र पुण्याचा मुलगा घटकाभर झुलू होऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाकडून जगाकडे पाहूं शकतो, आणि समुद्रावरून येणारें जहाज त्याला प्रथमच व्यापाराचें न वाटतां भयाचें वाटतें. एवढी एक दृष्टि त्यास लाभली तरी त्या निवडीचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.