असईला हवे मृतांचे स्मारक

मोटारहोम घेऊन युरोप पालथा घालणाऱ्यांच्या वाटेवर वॉटर्लूचे सिंहाचे टेकाड, ईप्रचे मेनिन गेट आणि व्हर्दँचे अस्थिगृह ही ठिकाणे हमखास येतात. वॉटर्लूच्या जेत्याने, वेलिंग्टनने, पुढे आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून मात्र नाव घेतले ते असईच्या लढाईचे. ही असई जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन आणि जाफराबादच्या मधल्या मुलखात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आहे. तिथे विजयस्तंभाची गरज नाही. दोन्ही बाजूंच्या मृतांचे स्मारक मात्र झाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजा केळणेपलीकडे पसरल्या होत्या. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमान या हानोव्हरच्या सरदाराच्या हुकमतीखाली होत्या आणि बेगम समरूच्या पलटणीही सोबत होत्या. आर्थर वेलस्लीकडे, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनकडे, साडेचार हजारांच्या आसपास कवायती फौज होती. म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार त्याहून वेगळे. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, तेव्हा मधे उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला आणि तिथून फौज पार केली. पोलमानने मात्र वेळेत मोर्चा फिरवला. मराठी तोफांनी इंग्रजांच्या तोफा बंद पाडल्या आणि असई गावासमोर ७४ व्या हायलंडर पलटणीची दाणादाण उडवली. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेली, तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा पाठमोऱ्या इंग्रजांवर फिरवल्या. ईस्ट इंडिया कंपनीकडे सुमारे १,६०० माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. जवळजवळ शंभर तोफा तिच्या हाती लागल्या. डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले, आणि दख्खनच्या सत्तेचा तोल कायमचा कलला.

हरलेल्या लढाईचे स्मारक कशाला, असा आक्षेप येईल. पण पानिपतच्या काला आंब येथील स्तंभापुढे मराठी माणूस नमतो, तो विजयासाठी नव्हे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: इंग्रजांनी ज्या लढाईचा मान आपल्या पलटणींच्या निशाणांवर हत्तीच्या रूपाने मिरवला, तिची आठवण जागवणे म्हणजे साम्राज्याचीच आरती नव्हे काय? यावर कोरेगाव भीमाचे उदाहरण पुरेसे आहे. तो स्तंभ कंपनीने आपल्या विजयासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि पुढे त्या दगडाचा अर्थच बदलला. स्मारक कोणी बांधले यापेक्षा त्याच्यापाशी कोण उभे राहते, याला अधिक वजन आहे. तिसरा आक्षेप असा की शिंद्यांच्या पलटणींत हिंदुस्थानी शिपाई पुष्कळ, त्यांचे सरदार युरोपीय, मग ते आपले कसे? आणि समोर मद्रासच्या शिपायांच्या पलटणी होत्या, ते परके कसे? खरे तर स्मारकाची गरज याच गुंत्यातून निर्माण होते. फ्रान्समध्ये नोत्र-दाम-द-लोरेत येथे २०१४ साली उभारलेल्या वर्तुळावर पहिल्या महायुद्धातील पाच लाखांहून अधिक मृतांची नावे देश न सांगता केवळ वर्णक्रमाने कोरली आहेत. नव्ह शापेलच्या स्मारकावर चार हजारांवर भारतीय सैनिकांची नोंद आहे. असईच्या बाबतीत कंपनीच्या कागदांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे सापडतात, शिपाई मात्र आकड्यांत उरतात; मराठी बाजूचे मृत तर शत्रूच्या अंदाजापुरतेच.

नावे कोरता येणार नाहीत, पण जागा दाखवता येतील. केळणेचा उतार, तोफांची रांग, गावाभोवतीची झुंज, हे सारे मराठीत लिहिलेल्या शिळांवर यावे. त्यांत मद्रासच्या पाच पलटणी आणि शिंद्यांचे गोलंदाज एकाच यादीत असावेत. जालन्याच्या लोकप्रतिनिधींनी, इतिहास मंडळांनी आणि भोकरदन-जाफराबादच्या शाळांनी हे काम हाती घ्यावे.