घोड्याचा डाग आणि गाडीची नोंद

इ. स. १७२४ च्या ऑक्टोबरात वऱ्हाडातील साखरखेर्ड्याच्या शिवारात निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात जी लढाई झाली, तीत मुबारिझखान मारला गेला, दख्खनेत आसफजाही सत्तेचा पाया पडला आणि गावास फतेहखेर्डा असेही नाव मिळाले, एवढे इतिहासकार आवर्जून सांगतात. परंतु त्या रणात धावलेल्या घोड्यांच्या मागे केवढे दफ्तर उभे होते, याची वास्तपुस्त क्वचितच कोणी करतो.

मोगल मनसबदाराचा तनखा त्याच्या स्वारांच्या संख्येवर ठरत असल्यामुळे हजेरीच्या दिवशी शेजाऱ्याचे जनावर मागून आणावे, किंवा उमदा घोडा बाजारात विकून त्याच्या जागी मरतुकडे तट्टू उभे करावे, हा उद्योग राजरोस चाले. अशा लबाडीवर मोगलांच्याही आधी अल्लाउद्दीन खलजीने घोड्यास डाग देण्याचा उपाय योजला होता. तोच पुढे अकबराने १५७४ च्या सुमारास नेटाने अमलात आणला आणि घोड्याच्या अंगावरील डागाबरोबर स्वाराचा चेहराही वहीत टिपून ठेवला. वाहन कोणते आणि त्याचा धनी कोण, हे सरकारने स्वतःच्या दफ्तरावरून ओळखावे, विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या शब्दावर विसंबू नये, हे त्या व्यवस्थेचे मर्म होते. आज परिवहन कार्यालयात चेसिसवरील क्रमांकावर कागद धरून पेन्सिलीने ठसा उतरवून घेताना पाहिले की तो तापलेल्या लोखंडाचा डाग आठवल्यावाचून राहत नाही.

यांत्रिक वाहनांचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा. त्या काळी वऱ्हाड नावाला निजामाचे होते, कारभार इंग्रजांचा होता आणि १९०३ पासून तो मध्यप्रांताच्या दफ्तराला जोडलेला होता. पुढे १९३९ चा सविस्तर कायदा आला आणि त्यातील तृतीय पक्षाच्या विम्याची सक्ती १९४६ पासून लागू झाली. परंतु खेड्यापाड्यांत फटफटीचा सुळसुळाट झाला तो फार नंतर. मद्रासेस १९५५ पासून जुळू लागलेली बुलेट बड्या असामींची. सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात गाडी आणली ती १९८५ नंतरच्या शंभर सीसीच्या गाड्यांनी, आणि तीही पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या हातची.

येथेच आपल्याकडील एक अनिष्ट रूढी जन्मास आली. रोकड मोजून घ्यावी, किल्ली व आरसी बुक हवाली करावे, 'टीटी फॉर्म'वर, म्हणजे मालकी बदलण्याच्या कोऱ्या अर्जावर, सह्या ठोकाव्या आणि गाडी विकली असे समजून निर्धास्त व्हावे! ते कोरे कागद तीन-चार हातांतून फिरतात, गाडीही फिरते, आणि दफ्तरात मात्र पहिलाच धनी नांदत असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशाच एका प्रकरणात, मोटार एकामागून एक अनेकांना विकली गेली असताही, नोंदीत ज्याचे नाव होते त्यालाच अपघाताच्या भरपाईस जबाबदार धरले. निर्णय कठोर वाटेल; मला तो न्याय्य वाटतो, कारण जखमी माणसाने मालकांच्या साखळीचा शोध कुठवर करीत हिंडावे?

१९८८ च्या कायद्यान्वये राज्यातल्या राज्यात झालेली विक्री विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावयाची असते. नमुना २९ आणि ३० ते याच कामाचे. कर्जाचा बोजा असल्यास सावकार संस्थेच्या संमतीने नमुना ३५ वर तो उतरवावा लागतो, आणि सीमेपलीकडून, मध्यप्रदेशातून, आणलेल्या गाडीस तिकडच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. नोंदणीस पंधरा वर्षे झाली असतील, तर गाडी तपासून घेऊन नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. विमा आणि प्रदूषणाचा दाखला ही तर नित्याची बाब.

साखरखेर्ड्याच्या मनुष्यास यासाठी बुलढाण्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाचे, म्हणजे एम.एच. २८ च्या दफ्तराचे, दार गाठावे लागते. दिवस मोडतो, दलालाची दक्षिणाही अनेकदा जाते. तरीही गाडी विकणाऱ्याने कोऱ्या कागदावर सही करू नये, घेणाऱ्याचे नाव व तारीख स्वतःच्या डोळ्यांदेखत लिहून घ्यावी, आणि नोंद बदलल्याची खातरजमा होईपर्यंत त्या कागदांची प्रत जपून ठेवावी.