डाव्या पायाचा इतिहास

२६ मे २०१७ रोजी नागपुरात विजेवर चालणाऱ्या टॅक्सींचा ताफा रस्त्यावर आला. ओला व महिंद्र ह्या कंपन्यांच्या सहभागाने सुरू झालेल्या ह्या प्रयोगाची चर्चा इंधन, प्रदूषण आणि चार्जिंग ह्या अंगांनी पुष्कळ झाली. त्या मोटारींत क्लच नव्हता, ही गोष्ट मात्र चर्चेबाहेरच राहिली. वर्षानुवर्षे ॲम्बेसेडर, इंडिका वा टॅक्सीची डिझेल मोटार चालवलेल्या माणसाचा डावा पाय त्या दिवशी एकाएकी बेकार झाला. चार्जिंगच्या रांगांना कंटाळून ह्यांतल्या कित्येक चालकांना पुढच्याच वर्षी डिझेलकडे परतावेसे वाटू लागले, हा भाग निराळा. प्रस्तुत लेखाचा विषय त्या डाव्या पायाचे ज्ञान हा आहे.

डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर ही मांडणी आपल्याला निसर्गदत्त वाटते. वस्तुतः ती एक रूढी आहे, आणि इतर रूढींप्रमाणे तिलाही जन्मकाळ आहे. १९०८ ते १९२७ ह्या काळात दीड कोटी निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत पेडल तीनच होती. पण डावे पूर्ण दाबले की खालचा गिअर, अर्धे दाबले की न्यूट्रल, सोडले की वरचा गिअर, असा त्याचा व्यवहार होता. मधले पेडल गाडी मागे नेण्याचे, उजवे ब्रेकचे. वेग वाढवण्याचे काम पायाकडे नव्हतेच. त्यासाठी सुकाणूखाली हाताने ओढायची दांडी असे. आजची मांडणी कॅडिलॅकने १९१६च्या सुमारास आणली आणि ऑस्टिन सेव्हनसारख्या (१९२२) स्वस्त मोटारींनी ती सर्वतोमुखी केली, असे साधारणपणे मानले जाते. तरीही १९३०च्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश मोटारींत ॲक्सिलरेटर मधोमध असे. म्हणजे एका गाडीवर तयार झालेला पाय दुसऱ्या गाडीत अडाणी ठरण्याचा संभव होता.

आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. डावीकडून चालण्याची पद्धत असलेल्या देशांत सुकाणू उजवीकडे गेले, पेडलांचा क्रम मात्र उलटा झाला नाही. परिणामी आपल्याकडे क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात दोन्ही डावेच. ॲम्बेसेडर आणि फिएट (पुढची प्रीमियर पद्मिनी) ह्यांत गिअरची दांडी दीर्घकाळ सुकाणूच्या दांड्याला जोडलेली होती. डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००ने जमिनीवरचा गिअर घरोघरी नेला. जुन्या ॲम्बेसेडरमध्ये समोरच्या दिव्याचा झोत खाली-वर करण्याची कळही क्लचच्या डावीकडे, पायाशी असे. रात्रीच्या हमरस्त्यावर डाव्या पायाला अशी दोन कामे होती.

ह्या पायाचे कसब दाबण्यात कमी, सोडण्यात अधिक आहे. उजव्या पायाची टाच जमिनीवर टेकलेली असते आणि तिच्याभोवती चवडा ब्रेक व ॲक्सिलरेटर ह्यांमध्ये फिरतो. डावा पाय मात्र पेडल तळाशी नेतो, मग पकड येईपर्यंत झटकन आणि पकडीच्या टप्प्यात अगदी सावकाश सोडतो. घाई झाली तर गाडी धक्का देऊन बंद पडते. पाय तिथेच रेंगाळला तर क्लचप्लेट घासत राहते. काम नसताना क्लचवर पाय ठेवू नये आणि चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नये, हे दोन्ही नियम ह्याच कारणाने झाले. गिअर आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा नसलेल्या जुन्या ट्रक-बसमध्ये तर खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागे आणि मधल्या क्षणी इंजिनाला रेस द्यावी लागे. नागपूरजवळ हिंगण्याला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथून निघालेल्या गाड्या ज्यांनी विदर्भाच्या रस्त्यांवर चालवल्या, त्यांच्या पिढ्यांनी हे 'डबल क्लच' कानाने शिकून घेतले, कारण गिअर केव्हा बसणार हे इंजिनाच्या आवाजावरूनच कळे.

आता प्रश्न असा की हे ज्ञान लिहिले कुठे गेले? १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील पंधराव्या नियमात परवान्याच्या चाचणीची कलमे आहेत. तीव्र चढावर गाडी थांबवून, मागे न घसरता पुन्हा सुरू करता आली पाहिजे, असे त्यांतले एक कलम सांगते. त्यात हातब्रेक, थ्रॉटल आणि पायाचा ब्रेक ह्यांची नावे आहेत. क्लचचे नाव नाही. ज्याच्यावाचून ती कृती अशक्य, तेच संहितेत अध्याहृत राहिले आहे. कायद्याने परिणाम सांगितला आणि कृती उस्तादावर सोपवली.

भाषेचा व्यवहारही असाच दिसतो. 'गतिरोधक' हा शब्द मराठीने घडवला, पण तो रस्त्यावरच्या उंचवट्याला चिकटला. पायाखालचा ब्रेक ब्रेकच राहिला. नामे परकी राहिली तरी क्रियापदे आपली आहेत: क्लच 'सोडणे', गिअर 'टाकणे', गाडी 'उचलणे', रेस 'देणे'. नागपुरात हे शिक्षण मराठी-हिंदीच्या सरमिसळीत चालते, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'हळू' हा असतो. किती हळू, हे मात्र कोणतेही वाक्य सांगू शकत नाही. शेजारी बसलेला उस्ताद ते गाडीच्या थरथरीवरून ओळखतो.

२०१४मध्ये मारुती सेलेरिओने स्वयंचलित गिअर स्वस्त मोटारीत आणला. त्यानंतर विजेच्या गाड्या आल्या. क्लच जावा की राहावा, हा वाद घालण्यात अर्थ नाही. शहरातल्या कोंडीत दिवसातून शेकडो वेळा क्लच दाबणाऱ्या टॅक्सीचालकाच्या गुडघ्याला विचारले, तर तो जावा असेच उत्तर येईल. परंतु जात्यासोबतच्या ओव्या आपण गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बायका हयात होत्या म्हणूनच हाती लागल्या. हिंगण्याचे, ट्रान्सपोर्टनगरांचे, जुन्या टॅक्सीथांब्यांचे उस्ताद आज हयात आहेत. ते शिकाऊ माणसाला नेमके काय सांगतात आणि कोणत्या क्षणी गप्प बसतात, हे टिपून ठेवणे भाषेच्या अभ्यासकांचेच काम आहे.